उजवीकडची सीट

जुन्या गाड्यांचा नाद असलेली चार माणसं एकत्र आली की गप्पा कुठून कुठं जाणार हे ठरलेलं असतं. आधी इंजिन. मग गिअरबॉक्स, कार्बोरेटर, हेडलाइटची मूळ काच कुठल्या भंगारात कशी सापडली त्याची साग्रसंगीत हकिगत. रंगाचा विषय निघाला की आवाज चढतात. सीटचा नंबर लागतो तो चहाचे पैसे कोण देणार यावर ओढाताण चालू असताना, आणि तेही ‘सीटा काय, कुणीपण करून देतंय’ एवढ्यापुरता.

मला हे कधी पटलेलं नाही. मेस्त्रीचा हात इंजिनाला महिन्या-दोन महिन्यांतून लागतो, मालकाची नजर रंगावर सणासुदीला जाते. ड्रायव्हर मात्र रोज दिवसभर त्या दीड-दोन फुटांच्या चौकोनावर असतो. पिकअप असेल तर तो तिथंच भाकरी खातो, मालाची पावती होईपर्यंत तिथंच डुलकी काढतो, आणि पाऊस लागला तर रात्रही तिथंच. गाडीच्या दुसऱ्या कुठल्याच भागाशी माणसाची एवढी घसट नसते. तरी पुनरुज्जीवनाच्या यादीत सीट सगळ्यात खाली. पैसे संपत आलेले असतात, उत्साहही.

माझ्या मित्राच्या घरी अशी एक पिकअप आहे. करवीर तालुक्यातलं गाव, घरचं गुऱ्हाळ, आणि शेडात चिपाडाच्या ढिगाशेजारी उभी असलेली महिंद्रा एफसी-१५०. त्याच्या आजोबांनी घेतलेली, १९६० च्या दशकाच्या अखेरीची. दिवाळीपासून पुढं गुळाचा हंगाम चालायचा तोवर हिनं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पोचवल्या, आणि एरवी खत, पेंड, लग्नाची भांडी, अडलेली म्हैस, जे पडेल ते. आजची पोरं ही गाडी पुढून बघतात आणि विचारतात, बॉनेट कुठाय? बॉनेट नाहीच. इंजिन आत आहे, ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली.

या रचनेची गोष्ट मजेची आहे. ब्रुक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरनं जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीसाठी ही गाडी आखली आणि १९५६ च्या अखेरीस ती अमेरिकेत बाजारात आली. खाली सीजे-५ जीपचाच सांगाडा, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फक्त ८१ इंच. पण बॉनेट उडवून ड्रायव्हरला उचलून पुढच्या चाकांवर बसवल्यामुळं मागं ७४ इंचांचा हौदा निघाला. गाडी आखूड, हौदा लांब. गल्लीबोळात वळवायला सोपी आणि माल जीपच्या कितीतरी पट. अमेरिकेत तिचे दिवस १९६५ च्या सुमारास संपले, आणि त्याच १९६५ साली महिंद्रानं ती आपल्याकडं बनवायला घेतली. १९४७ पासून जीपा जोडणाऱ्या त्या कंपनीला विलीजची जातकुळी चांगलीच ओळखीची होती, आणि आपल्या बैलगाडीच्या वाटांना ही आखूड, उंच, चारही चाकं ओढणारी गाडी मानवली.

हिशेब बिनतोड होता. फक्त हौद्याला दिलेली जागा कुणाकडून तरी घ्यावी लागते, ती ड्रायव्हरकडून घेतली. साध्या गाडीत ड्रायव्हर दोन्ही चाकांच्या मधे कुठंतरी बसतो, त्यामुळं खड्डा त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत जरा मवाळ होतो. इथं तो चाकाच्या डोक्यावरच. चाक उडालं की तोही उडाला. खाली कडक पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यात यार्डातून परतताना हौदा रिकामा, म्हणजे आणखी कडक. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा वरखाली होणारी थरथर सगळ्यात जास्त जाचते, कारण त्या तालावर धड आपणहून डोलायला लागतं आणि मार कंबरेवर येतो. सीट चांगली असेल तर ती हा मार थोडा खाते. सीट खचलेली असेल तर कमी होणं राहिलं बाजूला, धक्का वाढूनही मिळतो. म्हणजे ज्या गाडीत सीटला सगळ्यात जास्त काम होतं, त्याच गाडीला कंपनीनं दिली होती एक लोखंडी चौकट, नागमोडी स्प्रिंगा, वर काथ्याची गादी आणि काळं रेक्झिन. कष्टाच्या गाडीला तेवढं पुरे, असा त्या काळचा सरळ विचार. अमेरिकेतही कामाच्या पिकअपमधली सीट काही वेगळी नव्हती. मऊ गाद्या तिथंही मोटारींना.

सीटा काढून आम्ही कोल्हापुरात उद्यमनगराकडच्या एका कुशनवाल्याकडं नेल्या. त्यांना सगळे चाचा म्हणतात. घरचा धंदा पिंजाऱ्याचा. वडिलांच्या काळापर्यंत खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजत आणि गाद्या भरत फिरायचे. चाचांनी गाद्या सोडून गाड्या धरल्या. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक पत्र्याची खोली, आत एक जड शिलाई मशीन, छताला टांगलेले रेक्झिनचे रोल, आणि दारात कायम कुठल्यातरी ट्रॅक्टरची नाहीतर रिक्षाची सीट पालथी पडलेली. चाचांनी उजवी सीट उलटी केली, खालून स्प्रिंगांवर मूठ आपटली, आवाज ऐकला आणि म्हणाले, “हिच्यावर लई माणूस बसलंय.”

सीट उसवणं हे मला बघायला फार आवडतं. सगळ्यात वर घडी करून शिवलेली वाकळ होती, तेलानं आणि घामानं काळी पडलेली. तिच्याखाली चॉकलेटी रंगाचं मखमली कापड, एके काळी ट्रकवाल्यांत फॅशन होती तसलं. त्याच्याखाली ताडपत्रीचं ठिगळ, सुतळीनं दाभणाचे टाके घालून बसवलेलं. हे टाके कुशनवाल्याचे नव्हते. कुणीतरी वाटेत, गाडी यार्डात उभी असताना, पोत्याचं तोंड शिवायच्या दाभणानं घातलेले. ताडपत्रीखाली मग कंपनीचं काळं रेक्झिन, मधोमध फाटून दोन्हीकडं वळलेलं. त्याखाली तरट. आणि तरटाखाली काथ्या, म्हणजे काथ्याचं जे काही उरलं होतं ते, हातात घेतलं की भुसा होणारं. त्या भुशात गुळाचे खडे होते, दगड झालेले. मुंग्यांनी वाटा काढलेल्या होत्या, एका कोपऱ्यात उंदराचं घर. चाचांच्या हाताखालच्या पोरानं सगळं पोत्यात भरून बाहेर नेलं आणि परत येऊन विचारलं, “डावी पण फोडू?”

डावी सीट आम्ही तोवर नीट बघितलीच नव्हती. तिच्यावर फक्त एक जुनं सतरंजीचं कापड होतं. ते उचललं तर खाली कंपनीचं रेक्झिन जवळजवळ धड. रेघांची शिलाई जागेवर, पायपिंग जागेवर, बसायच्या जागी चमक तेवढी गेलेली. ही मालकाची सीट. मित्राचे आजोबा बाजाराच्या दिवशी, नाहीतर गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आणायला जाताना बसायचे, तेवढंच. एका गाडीत, एका दिवशी बसवलेल्या, एकाच कापडाच्या दोन सीटा, मधे इंजिनापुरतं अंतर. एक स्प्रिंगांपर्यंत संपली आणि दुसरी अजून शाबूत. इंजिनाच्या झळेनं मात्र मालक-ड्रायव्हर असा भेद केलेला नव्हता: उजव्या सीटची डावी कड आणि डाव्या सीटची उजवी कड, दोन्ही सारख्याच कडक होऊन तडकल्या होत्या.

ते तडकणं कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण सीट करून घेणारे निम्मे लोक तिथंच फसतात. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं उत्पादन. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप, त्यात कापराचं तेल, आणि वर कातड्याचा ठसा. आज दुकानात त्या नावानं मिळतं ते बहुतेक पीव्हीसी चढवलेलं कापड. पीव्हीसी मुळात कडक. त्याला लवचीक करायला त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात. नव्या सीटचा जो वास आपण कौतुकानं घेतो त्यात या द्रव्यांचाही वाटा असतो. ती उन्हानं, उष्णतेनं हळूहळू उडत राहतात. कडक उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धूसर थर बसतो, तो पुष्कळदा त्यांचाच. द्रव्य गेलं की रेक्झिन पुन्हा कडक, आणि कडक झालं की घडीवर तडकतं. वरून नारळाचं तेल, ग्रीस, टायरचं पॉलिश असलं काहीही चोपडून ते परत मऊ होत नाही. म्हणून जिथं झळ आहे तिथं कापड बदलण्याआधी झळ अडवायला हवी. इंजिनाच्या झाकणाला आतून जाड फेल्ट लावायचं हे आमचं पहिल्या दिवशीच ठरलं. सीटच्या कामातलं ते सगळ्यात उपयोगाचं काम, आणि ते सीटला हात न लावता झालं.

आता मित्राचं स्वप्न सांगतो. त्याला हवी होती तपकिरी रंगाची, शंकरपाळ्याच्या शिलाईची सीट, लाल दोऱ्यानं. मोबाइलवर त्यानं अमेरिकेतल्या जुन्या पिकअपांचे फोटो साठवून ठेवले होते. बाहेरून पन्नास वर्षांपूर्वीचा पत्रा आणि आत मोठ्या हॉटेलातल्या सोफ्याचा थाट. हल्ली जुनी जीप असो की नवी एसयूव्ही, आत शंकरपाळी असतेच. मला ती बघवत नाही. जाड फोमवर चौकडीची शिलाई मारली की टाक्यांच्या खाचांत धूळ बसते, आणि गुळाच्या गावात धुळीबरोबर आणखी काय बसेल ते सांगायला नको. पण माझा खरा राग वेगळा होता. या गाडीनं आयुष्यात तसला थाट कधी बघितलेला नाही. तिच्यात तो घालणं म्हणजे तिच्याबद्दल खोटं सांगणं.

मी माझ्या बाजूनं मोठमोठे दाखले दिले. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, फिवा, त्यानं २०१२ साली ट्यूरिन सनद नावाची तत्त्वं मान्य केली. सार असं की जुन्या वाहनाकडं ऐतिहासिक वस्तू म्हणून बघा, शक्य तेवढा मूळ भाग राखा, वापराच्या खुणा पुसायची घाई करू नका, आणि नवं काही घातलं तर ते ओळखू येऊ द्या. आपल्याकडं २०२१ साली केंद्रानं विंटेज वाहनांच्या नोंदणीचा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची, खासगी, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी-चारचाकी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. सीटचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. मित्रानं हेच धरलं. “बघ, सरकारलाबी सीटचं काय पडलं न्हाई,” म्हणाला.

माझं म्हणणं होतं, तोच काळा रंग, तीच रेघांची शिलाई, आत काथ्याच. काथ्यावर माझा जीव आहे हे कबूल करतो. नारळाची सोडणं महिनोन्‌महिने पाण्यात भिजत ठेवायची, मऊ झाली की बडवून तंतू सोडवायचा. सीटच्या गादीसाठी त्या तंतूचे दोर पिळून ठेवून द्यायचे, मग ते दोर उलगडले की तंतू कुरळा झालेला असतो. त्यावर रबराचा चीक फवारून साच्यात दाबून भाजला की जी गादी तयार होते ती हवा खेळती ठेवते. कोल्हापुरी उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता फोमच्या सीटवर बसलेल्या माणसाची पाठ आणि काथ्याच्या सीटवर बसलेल्या माणसाची पाठ यांतला फरक शर्टावर दिसतो. चाचाही काथ्याच्या बाजूचे. “फोम म्हंजे झटपट काम. काथ्याला हात लागतो,” म्हणाले. मी मनात म्हटलं, आता मित्र एकटा पडला.

तेवढ्यात आण्णांना विचारायचं ठरलं. आण्णा म्हणजे या गाडीचे ड्रायव्हर. आजोबांच्या वेळेपासून गाडी शेडात लागेपर्यंत तेच. आता ऐंशीच्या आसपास, गावातच मुलाकडं असतात, सकाळी देवळाच्या कट्ट्यावर आणि संध्याकाळी गुऱ्हाळावर. आम्ही मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं की गाडी होती तशी करणार, सीटसुद्धा मूळची, काथ्याची. आण्णांनी टोपी काढली, परत घातली.

“आमची कंबर त्या काथ्यानंच मोडली,” म्हणाले, “आन् तुमी त्योच परत भरालाय व्हय?”

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या सनदेत नाही. नवीन होती तेव्हा सीट बरी होती. दोन-तीन हंगामांत काथ्या दबला. दबला की स्प्रिंगा खालून टोचायला लागल्या. मालकाला सांगितलं तर मालक म्हणाला, गाडीला पाटा टाकायचाय, सीटचं पुढच्या हंगामाला बघू. पुढचा हंगाम आलाच नाही. मग घरून वाकळ आणली. बायकोनं जुन्या लुगड्यांची शिवलेली, ती घडी करून खाली घेतली. वाकळ दबली की दुसरी. “वाकळंवर बसून मी सगळी वर्सं काढली. सीटवर न्हाईच,” असं म्हणाले. आणि डाव्या मांडीला इंजिनाची झळ लागायची म्हणून ते कायम उजवीकडं कलून बसायचे. कलून बसायचं, तसंच क्लच दाबायचा, तसाच गिअर टाकायचा. अजूनही कट्ट्यावर बसतात तेव्हा उजवीकडंच झुकून बसतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

चाचांना हे सांगितल्यावर त्यांनी उजव्या सीटची उघडी चौकट परत आडवी करून दाखवली. उजवीकडच्या स्प्रिंगा जवळजवळ सरळ झाल्या होत्या, वळणंच गेली होती त्यांची. डावीकडच्या अजून तग धरून. आम्ही समजत होतो की चढता-उतरताना घासून उजवी बाजू गेली असेल, तसं होतंही बहुतेक गाड्यांत. इथं कारण इंजिनाची झळ.

तिथून पुढं माझ्या वादातली हवा गेली. ‘मूळचं’ राखायचं म्हणजे नेमकं कुणाचं मूळचं? कंपनीनं कारखान्यातून दिलेली सीट या गाडीच्या आयुष्यात दोन-तीन हंगाम टिकली. उरलेला सगळा काळ तिच्यावर ताडपत्री होती, मखमल होती, वाकळ होती. गाडीचा खरा इतिहास हवा असेल तर तो त्या थरांत आहे, आणि ते थर म्हणजे सीट न करून देणाऱ्या मालकाची आणि तरीही गाडी चालवत राहिलेल्या माणसाची हकिगत आहे. काथ्याची नवी कोरी गादी करून मी जपणार होतो ती कंपनीची काटकसर. हौशी माणसाला अस्सलपणाची चैन परवडते, कारण तो रविवारी तासभर चालवतो आणि घरी जाऊन मऊ गादीवर झोपतो. मित्राच्या शंकरपाळ्या मला अजूनही मान्य नाहीत, पण त्याची सीट निदान बसणाऱ्याला सुख देणारी तरी होती. माझी तेवढीही नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. डावी सीट आहे तशी ठेवायची. आतला काथ्या, वरचं रेक्झिन, तडकलेली कड, सगळं. फक्त खालून उघडून गंज काढायचा आणि सुटलेले टाके परत घालायचे. कंपनीची सीट कशी होती हे ज्याला बघायचंय त्यानं ती बघावी. उजवी सीट बाहेरून तिच्या जोडीची दिसेल अशी करायची, आतून मात्र आण्णांच्या सांगण्याप्रमाणं. आणि चौकटीच्या खालच्या पट्टीवर, दिसणार नाही पण शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी, आत काय भरलंय ते रंगानं लिहून ठेवायचं. मित्राला लाल दोरा मिळाला नाही. तो काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होता.

काम बघायला मी वेळ काढून जात होतो. चौकट तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड मारला. मेलेल्या स्प्रिंगा बदलल्या, आणि उजवीकडं चाचांनी एक आडवी तार जास्तीची ओढून घेतली. स्प्रिंगांवर नवं जाड तरट. फोम लगेच स्प्रिंगेवर ठेवला तर तार त्याला करवतत जाते, म्हणून तरट लागतंच. मग चुरा फोमचा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेल्या फोमचा, एक पातळ थर, कडक, वजन पेलायला. त्यावर चांगला फोम. इथं एक गैरसमज कायम दिसतो. दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतो ते एका घनमीटर फोमचं किलोत वजन. तो किती दिवस टिकेल याचा त्यावरून अंदाज येतो, मऊ की कडक ते त्यावरून कळत नाही. जड फोम मऊही असतो. दुकानात अंगठा दाबून फोम घेणारा माणूस चार महिन्यांनी खचलेल्या सीटवर बसलेला असतो. चाचा अंगठा दाबत नाहीत. फोमचा तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर गुडघा टेकतात आणि सगळं वजन देऊन थांबतात, चहा येईपर्यंत. मग उठून बघतात तो किती वेळात वर येतो. सगळ्यात वर त्यांनी काथ्याचा एक बोटभर थर ठेवला, हवेसाठी. हे त्यांचं स्वतःचं डोकं.

कव्हरचं बेतणं हा तर वेगळाच प्रकार. जुनं रेक्झिन उसवून त्याचे तुकडे नवीन कापडावर ठेवून खडूनं रेघ मारायची, असं ऐकायला सोपं वाटतं. पण वर्षानुवर्षं ताणलेला तुकडा मूळ मापापेक्षा मोठा झालेला असतो. तसाच कापला तर कव्हर ढगळ येतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात सुरकुततं. उजव्या सीटचे तुकडे तर एकीकडं ताणलेले, एकीकडं आखडलेले; त्यांच्यावरून बेत काढणं शक्यच नव्हतं. चाचांनी डाव्या सीटवर वर्तमानपत्र ताणून, पायपिंगवरून पेन्सिल फिरवून माप घेतलं आणि ते उलटं केलं. डावी होती तशी ठेवल्याचा असाही फायदा झाला. रेक्झिनचा पन्हा ५४ इंची. एवढ्या पन्ह्यात एक सीट आणि तिची पाठ बसवायला चाचांनी तुकडे फिरवून फिरवून लावले, पण रेघांची दिशा कुठं आडवी होऊ दिली नाही.

टीप मोठी मारतात, हे मी नीट बघितलं. कपड्याच्या शिलाईत बारीक टाका म्हणजे चांगलं काम. रेक्झिनला बारीक टाका घातला तर सुयांच्या भोकांची रांगच होते आणि ताण आला की कापड त्या रांगेवरून पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं. दोरा नायलॉनचा. जुना सुती दोरा घामानं कुजला होता. डाव्या सीटच्या पाठीवरचे सुटलेले टाके त्यामुळंच सुटलेले. तिथं मात्र चाचांनी नवीन भोक एकही पाडलं नाही. हातात सुई घेऊन जुन्याच भोकांतून एकेक टाका घातला. मशीनवर जे काम पाच मिनिटांत झालं असतं, त्याला अर्धा दिवस गेला.

कव्हर चढवण्याआधी ते उन्हात पसरून ठेवलं होतं. गरम झालं की रेक्झिन सैल पडतं. तेवढ्यात चौकटीवर ओढून घ्यायचं, कोपरे बसवायचे, खालून तारेच्या रिंगा पक्कडीनं आवळायच्या. थंड झालं की आपोआप ताणून बसतं. हे काम दोघांचं. एकजण गुडघ्यानं फोम दाबतो, दुसरा ओढतो, आणि दोघंही एकमेकांना शिव्या घालतात. कोपऱ्यावर एक सुरकुती राहिली. पोरगं म्हणालं, कुणाला दिसतंय. चाचांनी चार रिंगा परत काढायला लावल्या.

सीटा गावी नेऊन बसवायला चाचा स्वतः आले. आण्णांना बोलावलं होतं. ते वर चढले, बसले, स्टिअरिंग धरलं, आणि पहिल्यांदा काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, उंच झाली. खरंच होती. नवीन फोम, नवीन स्प्रिंगा. त्यांचे पाय क्लचवर टेकत होते पण टाच जमिनीला लागत नव्हती, आणि मांडी स्टिअरिंगच्या रिंगणाला घासत होती. सीट बोटभर वर गेली तरी आरसा, पेडल, काच, सगळ्याशी असलेलं नातं बदलतं. चाचांना हे अपेक्षित होतं. फोम बसल्याशिवाय उंची कळत नाही म्हणून त्यांनी मागची बाजू शिवलीच नव्हती, नुसती रिंगांवर अडकवली होती. तिथंच शेडात सीट पालथी करून, आतला चुरा फोमचा थर काढून, चाकूनं निम्मा केला. आण्णा परत चढले. या वेळी उजवीकडं कललेले होते, सवयीनं. चाचांनी खालूनच सांगितलं, “आण्णा, सरळ बसा. आता आतून फेल्ट हाय, झळ न्हाई लागणार.” आण्णा सरळ झाले, आणि बोलता बोलता पुन्हा कलले.

हिशेबाच्या कागदावर डाव्या सीटची मजुरी उजवीपेक्षा जास्त लावलेली होती. मित्र उखडला. “चाचा, डावीला काय केलंय? जशी हुती तशीच तर हाय!”

“तेच की,” चाचा म्हणाले. “तशीच ठिवायला किती येळ गेला ते तुमच्या पावण्याला इचारा, बसून बघत हुते सगळं.”

मी साक्ष चाचांच्या बाजूनं दिली. मित्र घासाघीस करत राहिला, चाचा कागदावर आकडा खोडून पुन्हा तोच लिहीत राहिले. आण्णा अजून उतरले नव्हते. त्यांनी एकदा गिअर हलवून बघितला, मग ब्रेक दाबला, पुन्हा दाबला आणि खिडकीतून ओरडले, “सीटंचं भांडण मागनं मिटवा. ह्यो ब्रेक पार तळाला जातोय, त्यो कोण बघणार?”